उडणाऱ्या बाईचे दोन ड्रेस

भोकरदनच्या बस स्टँडमागे आमचं शिवणकामाचं दुकान आहे. एकोणीस वर्षं त्यात दोन माणसं काम करत होती. मालक, म्हणजे माझे यजमान, कापायचे आणि मी शिवायची. गिऱ्हाइकाचं माप घेणं, कापडावर खडूनं आखणं, कात्री चालवणं हे सगळं त्यांच्याकडे. माझ्याकडे यायचे ते कापलेले तुकडे, मी ते जोडायची. माझी टीप सरळ असते, आजही असते, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. पण एकोणीस वर्षांत मी एक रुमालही कापला नव्हता. गरजच पडली नाही.

मागच्या वर्षी एका मंगळवारी मालक जालन्याला कापड आणायला गेले. परत येताना राजूर सोडल्यावर बसमध्येच त्यांचं हृदय बंद पडलं. ड्रायव्हरनं बस सरळ दवाखान्यात आणली, पण उपयोग झाला नाही. मला बोलवायला माणूस आला तेव्हा मी एका फ्रॉकला चेन लावत होते. चेन पूर्ण लावली, दोरा तोडला आणि मगच उठले. असं का केलं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

महिन्याभरानं दुकान उघडलं. फॉल-पिको, उसवलेली शिवण, पँटची उंची कमी करणं, एवढीच कामं घ्यायला लागले. कोणी नवं कापड घेऊन आलं की सांगायची, "कटिंग बंद आहे." जणू दुकानातलं एखादं यंत्र बिघडलंय. कापायच्या मोठ्या टेबलावर लोकांच्या कपड्यांची गाठोडी साठत गेली आणि टेबल दिसेनासं झालं. मला ते बरंच वाटलं.

पिको करताना हात कामात असतात आणि डोकं मोकळं राहतं. त्या मोकळ्या डोक्यात मी तो मंगळवार पुन्हा पुन्हा घडवायची. एका मंगळवारी मालकांऐवजी मीच जालन्याला गेलेली असायची आणि ते दुकानात बसलेले. एका मंगळवारी बस रद्द व्हायची. एका मंगळवारी सकाळी चहा देताना मी त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणायची, "आज चेहरा उतरलाय तुमचा, चला, दाखवून येऊ," आणि डॉक्टर म्हणायचे, बरं झालं आलात. या शेवटच्या मंगळवारी मी सगळ्यात जास्त राहायची. तिथं आम्ही दवाखान्यातून पायी घरी यायचो, वाटेत मेथीची जुडी घ्यायचो. असे आठ महिने गेले. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, बाई सावरली.

डिसेंबरात शाळेतल्या एक मॅडम दुकानात आल्या. आठवी-नववीला मराठी शिकवायच्या. तिशीच्या असतील, बोलायला चटपटीत. गॅदरिंगसाठी त्यांनी स्वतः नाटक लिहिलं होतं.

"ताई, एक ड्रेस शिवायचाय. सुपरहिरोचा. मुलगी आहे, उडते."

"कटिंग बंद आहे."

"मी दुसरीकडून कापून आणलं तर?"

"तर शिवून देईन."

त्या खरंच कापून घेऊन आल्या. निळं साटीन, पाठीवर सोडायला लाल कापड. मी टीप मारली आणि नाटकातली मुलगी अंगावर घालून बघायला आली. नववीतली, कबड्डी खेळणारी, खांदे असे रुंद की दाराला लागतील. ड्रेस चढला, चेन लागली. मी म्हटलं, "हात वर कर."

तिनं हात उचलले. कानापर्यंत गेले आणि काखेत कर्रकन आवाज आला.

"मॅडम," ती पोरगी अगदी गंभीरपणे म्हणाली, "याच्यात उडता येत न्हाई. फक्त रिक्षाला हात करता येतोय."

मॅडम हसल्या, मी हसले, मग ती पोरगी स्वतःच खाली बसून हसायला लागली. बऱ्याच महिन्यांनी हसले असं मी लिहिणार नाही, मधूनमधून हसायची मी. पण दुकानात नव्हते हसले.

ड्रेस उलटा करून पाहिला. मुंढा, म्हणजे बाही जिथं बसते ती गोलाई, चुकीची कापली होती. आत शिवणीत वाढवायला कापडही सोडलेलं नव्हतं. दुरुस्तीला जागाच नाही. मला राग आला. वाईट कटिंग मला बघवत नाही. मालकांनी असा मुंढा कापला असता तर मी तो त्यांच्या तोंडावर फेकला असता. फेकलाही होता एकदा, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी.

"उद्या नाटकाची वही घेऊन या," मी मॅडमना म्हटलं. "कोणत्या प्रवेशात काय लागतं ते बघते. मीच कापते."

बोलून गेले आणि मग कळलं काय बोलले ते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मॅडम आल्या आणि मशीनसमोर स्टुलावर बसून त्यांनी नाटक वाचून दाखवलं. एक मुलगी असते, तिला उडता येतं. गावात पूर येतो तेव्हा ती सगळ्यांना वाचवते, पण तिचा सख्खा भाऊ राहून जातो. गाव तिचा सत्कार करतं आणि ती सत्कारातून उठून निघून जाते. उडता उडता तिला आभाळात एक फट सापडते. पलीकडे दुसरी दुनिया असते, आपल्यासारखीच, थोडी वेगळी. एका दुनियेत पूर आलेलाच नसतो. एका दुनियेत भाऊ असतो पण तो तिला ओळखत नाही. अशी ती दुनियेतून दुनियेत फिरत राहते. शेवटी तिला ती दुनिया सापडते जिथं भाऊ जिवंत आहे, तिला ओळखतो, दारात उभा राहून हाक मारतो. ती तिथंच राहते. पडदा.

वाचताना शेवटी मॅडमचा आवाज जरा वेगळा झाला. मी मात्र कपडे मोजत होते. पहिल्या प्रवेशाचा एक, मधल्यांना तोच चालेल, आणि शेवटच्याला…

"मॅडम, शेवटच्या प्रवेशाला दोन ड्रेस लागतील."

"दोन का?"

"त्या दुनियेत भाऊ जिवंत आहे. मंग त्याची बहीण पण असेल ना तिथं? पुरातून त्याला तिनंच काढलं असेल. ती घरातच असेल. म्हणजे एकसारखे दोन ड्रेस आणि दोन पोरी."

मॅडमनी वहीची शेवटची दोन पानं उलटून पाहिली.

"तिथं बहीण नाहीये," त्या म्हणाल्या.

"मंग तो ओळखतो कसा हिला? बहीण होती म्हणूनच ओळखतो. होती तर गेली कुठं?"

"ताई, तुम्ही कपड्यांचं बघा ना. गोष्टीचं मी बघते."

"कपड्यांचंच बघून राह्यले मी. एक की दोन, एवढंच विचारलं."

त्यांनी वही बॅगेत टाकली आणि निघून गेल्या. स्कूटी सुरू करताना आमच्या पायरीला घासली, तरी मागे पाहिलं नाही.

मी पुन्हा पिको घेतला. एक साडी झाली, दुसरी अर्धी झाली. मग माझा हातच थांबला. मॅडमना जे विचारलं तेच माझ्याही मंगळवारांना लागू होतं. मालकांना वेळेत डॉक्टरकडे नेणारी बाई माझ्यासारखी होती, माझंच लुगडं नेसलेली होती, पण ती मी नव्हते. ती तिच्या नवऱ्याला घेऊन मेथीची जुडी हातात धरून घरी गेली. त्या घरात बायको होती. मी तिथं जाऊन काय करणार होते? आठ महिने मी दुसऱ्या एका बाईच्या संसारात बिनबोलावलं बसून होते. हे कळल्यावर मला रडू यायला हवं होतं, पण आली ती चीड. स्वतःचीच. उरलेली अर्धी साडी पूर्ण केली आणि कटिंगच्या टेबलावरची सगळी गाठोडी उचलून खाली ठेवली.

मॅडम तिसऱ्या दिवशी आल्या. स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या.

"माझा भाऊ गेलाय, ताई. दोन वर्षं झाली. काविळीनं. माझ्याहून मोठा होता."

"मला माहीत नव्हतं मॅडम."

"शाळेत कोणालाच माहीत नाही. तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात होते. सुट्टी काढून गेले आणि परत येऊन शिकवायला लागले." त्यांनी बॅगेतून वही काढली. "तो कुठल्यातरी दुनियेत आहे, एवढंच धरून मी ते नाटक लिहिलं. तिथं मी पण असेन, हे डोक्यातच आलं नाही. तुम्ही विचारलं ते बरोबर होतं. दोन ड्रेस लागतील."

मीही मग त्यांना माझे मंगळवार सांगितले. कोणालाच सांगितले नव्हते. सख्ख्या बहिणीला सांगितले असते तर तिनं मला देवऋष्याकडे नेलं असतं. मॅडमनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मेथीच का?"

"त्यांना आवडत नव्हती," मी म्हटलं. "म्हणून तर घ्यायला लावत होते मी त्यांना. तिथं ते माझं सगळं ऐकायचे."

साटीन नको, ताणलं जाणारं कापड हवं असं ठरलं. ते भोकरदनला मनासारखं मिळेना. म्हणजे जालना. मालक गेल्यापासून मी त्या रस्त्यानं गेले नव्हते. नातेवाइकाचं लग्न होतं तेव्हाही पोट दुखतंय म्हणून सांगितलं होतं. मॅडम म्हणाल्या, "मी एकटी जाऊन आणते." मी म्हटलं, "तुम्हाला कापड कळत न्हाई. साटीन तुम्हीच आणलं होतं."

रविवारी सकाळी आम्ही दोघी बसमध्ये बसलो. राजूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघितलंच नाही, मॅडमच्या पर्सची चेन बघत होते. ती कशी लावली आहे, दात कुठं निसटलेत. राजूरला बस थांबली, गणपतीच्या दर्शनाला आलेली माणसं उतरली. कंडक्टर तिकिटं फाडत आमच्यापाशी आला आणि माझ्याकडे बघून थांबला.

"वहिनी, तुम्ही स्टँडामागच्या दुकानातल्या ना? मास्तरांच्या?"

मालकांना सगळे मास्तर म्हणायचे, कटिंग मास्तर. मी मान हलवली.

"त्या दिवशी मीच होतो गाडीवर. दहाव्याला आल्तो तुमच्याकडं, पण गर्दी होती. बोलणं न्हाई झालं."

मला वाटलं, ऐकायला नको. आणि तरीही मी विचारलं, "काय झालं होतं त्या दिवशी?"

तो पुढच्या सीटच्या दांडीला धरून उभा राहिला. "काय नाही वहिनी. इथंच, राजूरला, खाली उतरले. चहा पिले. मलाबी पाजला. कापडाचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसल्ते. एक म्हातारी बाई चढली तर तिला म्हणले, आजी, ब्लाउज कोणी शिवला तुमचा, गळा बिघडवून ठेवलाय, दुकानात या, नीट करून देतो. म्हातारी चिडली. सगळी गाडी हसली. मंग गाडी निघाली आणि त्यांनी खिडकीला डोकं टेकलं. मला वाटलं झोप लागली. त्रास न्हाई झाला वहिनी. बिलकुल न्हाई. तोंडावर तेच हसू होतं."

मग तो मागच्या सीटकडे गेला. त्याला त्याचं काम होतं.

इतके मंगळवार मी बनवले, पण त्यातल्या एकाही मंगळवारात मालकांनी अनोळखी म्हातारीच्या ब्लाउजच्या गळ्याला नावं ठेवली नव्हती. ते अगदी त्यांचंच होतं. लग्नाच्या मांडवातही ते असंच करायचे आणि मी त्यांना कोपरानं ढोसायची. खऱ्या मंगळवारात ते माझ्या सगळ्या मंगळवारांपेक्षा जास्त जिवंत होते. बसमध्ये मी भरपूर रडले. मॅडमनी काही समजावलं नाही, रुमाल दिला आणि खिडकी अर्धी लावली. जालना आल्यावर तोंड धुतलं आणि बाजारात गेलो. पाच दुकानं पाहिली. दोन्ही हातांनी कापड ताणून, सोडून, पुन्हा ताणून बघितलं. दुकानदार म्हणाला, "बाई, फाडाल." म्हटलं, "फाटणारं असेल तर इथंच फाटू दे."

सोमवारी कापायला बसले. एकोणीस वर्षं समोर बघितलेलं होतं, तरी पहिला कट मारण्याआधी खडूची रेघ दोनदा पुसून पुन्हा आखली. मालक शिवणीत भरपूर माया सोडायचे, म्हणजे आत दुमडून राहणारं जास्तीचं कापड. माणूस जाड होतं, पोरं वाढतात, असं म्हणायचे. मी मात्र माया कमीच सोडली, कारण टीप मारणाऱ्या माणसाला जाड शिवणीचा त्रास होतो हे मला माहीत आहे, त्यांना नव्हतं. काखेत कापडाचा चौकोनी तुकडा वेगळा जोडला. तो माझा विचार. पोरगी आली, ड्रेस घातला, दोन्ही हात डोक्यावर नेले, मग गोल फिरवले, मग दुकानातच कबड्डीचा पवित्रा घेतला. शिवण जागची हलली नाही.

पहिल्या ड्रेसबद्दल मॅडमना मी अजून एक गोष्ट सुचवली. भाऊ गेल्यानंतरच्या प्रवेशांत तोच ड्रेस ढगळ दिसला पाहिजे. माणूस गेलं की बाई जेवत नाही. माझे सगळे ब्लाउज त्या आठ महिन्यांत सैल झाले होते, खांद्यावरून घसरायचे. शिवणकाम करणारी बाई मी, दोन टिपा मारल्या असत्या तर झालं असतं, पण मारल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, "प्रेक्षकांना कळेल?" मी म्हटलं, "बायकांना कळेल." बाजूला आतून हूक लावून घेतले. पहिल्या प्रवेशात हूक लावलेले, नंतर सोडलेले.

गॅदरिंगला मैदान भरलं होतं. पुढे पाहुणे, मागे पोरं, भिंतीवर अजून पोरं. पोरगी निळ्या ड्रेसमध्ये स्टूलवरून उडी मारून आली तेव्हा शिट्ट्या वाजल्या. हूक सोडून ढगळ ड्रेसमध्ये आली तेव्हा मागचे हसले. पण माझ्या शेजारी बसलेली बाई तिच्या शेजारणीला म्हणाली, "बघ, वाळली बिचारी." मला तेवढं पुरलं.

शेवटचा प्रवेश मॅडमनी बदलला होता. भावाच्या दारात दुसरी पोरगी उभी असते, तसाच निळा ड्रेस, अंगाला नीट बसलेला. दोघी एकमेकींकडे बघतात. आपली विचारते, "तो अजून माझं, म्हणजे तुझं, पेन न विचारता नेतो का?" तिकडची म्हणते, "रोज." आपली जरा हसते, आतल्या भावाकडे एकदा बघते आणि निघते. परत आल्यावर गावात कुठंतरी आग लागलेली असते, लोक हाका मारत असतात. ती तिथंच उभी राहून आधी ड्रेसचे हूक लावते. हे मी सुचवलं नव्हतं, पोरीनं स्वतः केलं. मग दोन्ही हात वर.

नाटक संपल्यावर मॅडम एका वयस्क बाईंना हाताला धरून माझ्याकडे घेऊन आल्या. त्यांची आई. दोन वर्षांत पहिल्यांदाच अशा माणसांत आल्या होत्या. मला वाटलं, रडतील. त्या रडल्या नाहीत.

"तुम्ही शिवलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"शिवलंय चांगलं. पण नाटकातला पोरगा फारच सरळ दाखवला." त्या लेकीकडे वळल्या. "तो असा गप दारात उभा राहायचा का गं? उभं गाव डोक्यावर घ्यायचा. ताटातला पापड पळवायचा तुझा. तू रडायची. ते कुठंय याच्यात?"

"आई, ते सगळं कसं घालणार?" मॅडम म्हणाल्या, आणि मग दोघी तिथंच, खुर्च्या उचलणाऱ्या माणसांच्या मधोमध, पापडावरून बोलायला लागल्या. कोणत्या दिवाळीला काय झालं, मामाच्या घरी कसा मार खाल्ला. आई सांगत होत्या, लेक दुरुस्त करत होती, मग दोघी एकाच वेळी बोलत होत्या. मी उभी राहून ऐकत होते. त्या मुलाला मी कधी पाहिलेलं नाही, पण अर्ध्या तासात मला तो कोणत्या आवाजात ओरडायचा तेही कळलं.

मार्चमध्ये लग्नसराई सुरू झाली. मॅडमच्या आई एका बुधवारी बसनं आल्या, हातात ब्लाउजचं हिरवं कापड. पुतणीचं लग्न होतं. मी माप घेतलं, गळा कसा हवा ते विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाटेल तसा करा, आता तुम्हीच मास्तर." मी वहीत माप लिहिलं आणि शनिवारी यायला सांगितलं.